मेणवलीची घंटा कोणाची?

सामान्य काळातील तेहतिसावा रविवार
शुभवर्तमान : लूक २१:५-१९



गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आपल्या युवक-युवतींना घेऊन मी मेणवलीला गेलो होतो. वाईपासून हाकेच्या अंतरावरचे गाव, त्यामुळे सर्वांचे ते पाहिलेले. नाना फडणवीसांचा वाडा, कृष्णेचा घाट आणि 'स्वदेस' चित्रपटात दिसलेला तो परिसर दाखवून झाला की पाहुण्यांना आपण घाटावरच्या देवळांपाशी टांगलेली ती मोठी घंटा दाखवतो. त्या दिवशीही तसेच झाले. मुले घंटेभोवती गोळा झाली. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या पवित्र मरियेची उठावाची आकृती आहे आणि १७०७ हे साल आहे. एका मुलाने त्या आकृतीवरून हात फिरवला आणि मला विचारले, "फादर, ही घंटा आपली आहे ना? मग ती आपल्या चर्चमध्ये का नाही? आपण परत का मागत नाही?"

मुलाचा प्रश्न सरळ होता, पण मला सरळ उत्तर देता आले नाही. "घरी गेल्यावर बोलू," असे म्हणून मी वेळ मारून नेली. खरे सांगायचे तर त्याच्या प्रश्नाने माझ्याही मनात काहीतरी टोचले होते. आज वर्षभराने, आजच्या शुभवर्तमानाच्या निमित्ताने, मी त्याला आणि तुम्हा सर्वांना उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

आधी घंटेचा इतिहास थोडक्यात पाहू. ही घंटा वसईच्या किल्ल्यातील चर्चची. १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली आणि पुढची दोनशे वर्षे ते तेथे राहिले. किल्ल्याच्या आत त्यांनी एक अख्खे शहर वसवले. फ्रान्सिस्कन, येशूसंघीय, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा संघांची चर्चेस आणि मठ तेथे होते. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मराठी फौजेने मोठ्या वेढ्यानंतर वसई जिंकली. शरण आलेल्या पोर्तुगीजांना सुरक्षित निघून जाऊ दिले गेले. चर्चमधल्या घंटा मात्र विजयाची खूण म्हणून मराठी मुलखात आल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात एक आहे, भीमाशंकरला एक आहे आणि एक आपल्या मेणवलीला. वसई पडली तेव्हा नाना फडणवीसांचा जन्मही झाला नव्हता. म्हणजे ही घंटा येथे टांगली गेली ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी.

त्या मुलाच्या प्रश्नाने मला स्वस्थ बसू दिले नाही. डिसेंबरात चार दिवस मोकळे मिळाले तेव्हा मी वसईला गेलो. सेमिनरीत माझ्याबरोबर असलेला एक मित्र त्या भागात सेवा करतो. तो म्हणाला, "किल्ला सगळे जण जमिनीवरून पाहतात. तू पाण्यावरून पाहा." त्याच्या धर्मग्रामातील एका कोळी तरुणाकडे दोन कयाक आहेत. कयाक म्हणजे एक-दोन माणसांपुरती लांबट, निमुळती होडी. तिच्यात पाय पसरून बसायचे आणि दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे पाणी मारायचे. ग्रीससारख्या देशात पर्यटक सूर्यास्ताच्या वेळी वाटाड्याबरोबर अशा होड्यांतून समुद्रकाठचे प्राचीन अवशेष पाहत फिरतात, हे मी ऐकले होते. पंचेचाळिशीतल्या एका धर्मगुरूवर ती वेळ वसईच्या खाडीत येईल असे मात्र कधी वाटले नव्हते.

त्या तरुणाने दिवस विचारपूर्वक निवडला होता. अष्टमीच्या आसपास भांगाचे पाणी असते, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो आणि भरती संध्याकाळीच पूर्ण होते. "पाणी उतरायला लागायच्या आत आपण परत फिरायचं, फादर. नाहीतर ओहोटी आपल्याला समुद्राकडे ओढेल," असे त्याने बजावले. माझ्या अंगात लाइफ जॅकेट चढवून त्याने मला पुढे बसवले आणि स्वतः मागे बसला. साडेपाचच्या सुमारास आम्ही किल्ल्याजवळच्या धक्क्यावरून निघालो.

खाडीच्या तोंडाशी सूर्य खाली येत होता. उजव्या हाताला तिवरांची झाडे, त्यांच्यामागे काळपट तटबंदी आणि तटबंदीच्या वर संत जोसेफ कॅथेड्रलचा मनोरा. १५४६ साली उभारलेले आणि पुढे १६०१ साली वाढवलेले हे चर्च. आज त्याला छप्पर नाही. मनोऱ्याच्या कमानीतून पलीकडचे आकाश दिसते. एके काळी गलबते ज्या दर्यादरवाजासमोर नांगर टाकत, तेथे आता मासेमारीच्या होड्या बांधलेल्या असतात. मावळतीचा उजेड दगडांवर पडला आणि क्षणभर वाटले की आतमध्ये वेदीवर मेणबत्त्या लागल्या आहेत, आत्ता मिस्सा सुरू होईल.

मी वल्हे मारायचे विसरलो आणि त्या मनोऱ्याकडेच पाहत राहिलो. मनात हिशेब सुरू झाला. येथे केवढे वैभव होते! या मनोऱ्यांत किती घंटा असतील! सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी आंजेलसची घंटा वाजत असेल, म्हणजे देवदूताने मरियेला दिलेल्या निरोपाची आठवण. ती ऐकून नावेतल्या लोकांनी हात जोडले असतील. हे सारे गेले. आमच्यापासून हिरावून घेतले गेले. तेवढ्यात मागून आवाज आला, "फादर, पुढे बघा, पुढे!" कोळी लोक जाळी बांधण्यासाठी पाण्यात खुंट रोवतात. तसा एक खुंट आमच्या अगदी पुढ्यात आला होता. मनोऱ्याकडे पाहता पाहता माझे अंग त्या बाजूला कलले होते आणि होडीही तिकडेच वळली होती. त्या तरुणाने वल्हे पाण्यात रोवून होडी आवरली. मग हसून म्हणाला, "नवीन माणसाचं असंच होतं. तो जिकडं बघत राहतो तिकडं होडी जाते."

थोडा वेळ गेल्यावर मी त्याला विचारले, "हा किल्ला असा पडलेला पाहून तुम्हाला वाईट नाही वाटत?" त्याने जरा विचार केला. "वाईट काय वाटायचं, फादर? आमच्या आजोबांपासून सगळे समुद्रातून परत येताना हा मनोरा बघूनच घर कुठं आहे ते ओळखतात. आमच्यासाठी तो अजून उभाच आहे."

सूर्य बुडाला. मनोऱ्यातून आवाज आला नाही, येणारही नव्हता. पण आम्ही परतीला लागलो असताना वस्तीच्या बाजूने, कोणत्या तरी चर्चमधून, संध्याकाळची घंटा ऐकू आली. त्या तरुणाने वल्हे मांडीवर आडवे ठेवले, क्रुसाची खूण केली आणि ओठांत प्रार्थना म्हटली. मीही म्हटली. होडी आपोआप हलत होती. किल्ला अंधारात गेला होता आणि प्रार्थना चालू होती.

बंधू-भगिनींनो, आता आजच्या शुभवर्तमानाकडे वळू या. काही लोक यरुशलेमच्या मंदिराकडे कौतुकाने पाहत होते. किती सुंदर दगड, किती मौल्यवान अर्पणे! प्रभू येशूने त्यांना सांगितले की यातला एकही दगड दुसऱ्यावर राहणार नाही. इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने ते मंदिर उद्ध्वस्त केले आणि त्याचे शब्द खरे ठरले. लोकांनी विचारले की हे केव्हा होईल. येशूने तारीख सांगितली नाही. तुम्हाला फसवणारे येतील, तुमचा छळ होईल, घरचेही तुमच्यावर उलटतील, तेव्हा तुम्ही माझे साक्षीदार व्हा आणि धीर सोडू नका, असे त्याने सांगितले. लोक इमारतीकडे पाहत होते. येशूने त्यांची नजर इमारतीवरून माणसांवर आणली, त्यांच्या स्वतःवर आणली. त्या कोळी तरुणाने मला जे सांगितले, तेच काहीसे हे आहे.

संत पौलाच्या प्रवासातही असे एक ठिकाण येते. ग्रीसमधल्या करिंथ शहराचे पूर्वेकडचे बंदर म्हणजे किंख्रिया. प्रेषितांच्या कृत्यांत (१८:१८) वाचतो की पौलाने तेथे आपला नवस फेडण्यासाठी डोके मुंडवले आणि तेथून तो समुद्रमार्गे पुढे गेला. पुढच्या काळात भूकंप झाले, किनारा खचला आणि आज त्या बंदराचे बरेचसे अवशेष पाण्याखाली आहेत. तेथे नंतर बांधलेल्या एका चर्चचे दगडही लाटांमध्ये आहेत. म्हणजे बंदर गेले आणि चर्चही गेले. पण रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायाच्या सुरुवातीला पौल किंख्रियातील ख्रिस्तमंडळीची सेवा करणाऱ्या फीबी नावाच्या भगिनीची ओळख करून देतो आणि तिने अनेकांना व मलाही मदत केली आहे, असे सांगतो. ते पत्र रोमपर्यंत तिनेच नेले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. बंदर बुडाले, पण फीबीने नेलेले पत्र आजही आपल्या वाईच्या मिस्सेत वाचले जाते. ख्रिस्तमंडळी दगडांत असती तर ती त्या पाण्यात कधीच बुडाली असती.

वसईचेही तसेच नाही का? त्याच किल्ल्यातील येशूसंघीयांच्या हाताखाली गोन्सालो गार्सिया नावाचा एक मुलगा शिकला. मोठेपणी तो जपानला गेला, व्यापारी झाला, मग सर्व सोडून फ्रान्सिस्कन बंधू झाला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला पंचवीस सोबत्यांबरोबर त्याला क्रुसावर मारण्यात आले. १८६२ साली ख्रिस्तसभेने त्याला संत म्हणून घोषित केले. ज्या शहरात तो वाढला ते शहर पडले, त्याचे नाव मात्र आज घराघरांत घेतले जाते. आणि १७३९ साली पोर्तुगीज सत्ता गेली, तेव्हा वसईची श्रद्धा तिच्याबरोबर जहाजात बसून निघून गेली नाही. शेतकरी, कोळी, कारागीर मागे राहिले आणि त्यांनी आपल्या मुलांना प्रार्थना शिकवल्या. १९९८ मध्ये वसई स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्याचे पहिले बिशप थॉमस डाबरे पुढे आपल्या पुणे धर्मप्रांताचेही बिशप झाले. वसईहून वाईकडे फक्त घंटाच आली असे नाही.

आता त्या मुलाचा प्रश्न. घंटा आपली आहे का?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला ॲरिस्टॉटल नावाच्या ग्रीक विचारवंताची एक साधी रीत शिकवली होती. कोणतीही वस्तू समजून घ्यायची तर चार प्रश्न विचारावेत : ती कशाची बनली, तिला कोणता आकार दिला, ती कोणी बनवली आणि ती कशासाठी बनवली. मेणवलीच्या घंटेबाबत आपण भांडू ते पहिल्या तीन प्रश्नांवर. धातू कोणाचा, ओतली कोणी, तिच्यावर कोरले काय. चौथा प्रश्न आपण विचारतच नाही. घंटा कशासाठी केली? माणसांना देवाकडे बोलावण्यासाठी. मालकीचा दाखला म्हणून कोणी घंटा ओतत नाही.

आणि मालकीचाच हिशेब मांडायचा तर तो पुरा मांडावा लागेल. पोर्तुगीज अमलात वसईच्या परिसरातील देवळे पाडली गेली, लोकांवर सक्ती झाली, हेही इतिहासात लिहिलेले आहे. घंटा परत मागणाऱ्याने ती देवळे कशी परत करायची याचाही विचार करायला हवा. १२ मार्च २००० रोजी संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी ख्रिस्ती लोकांच्या हातून सत्याच्या नावाखाली झालेल्या सक्तीबद्दल जाहीरपणे देवाची क्षमा मागितली. त्यांनी समोरच्याच्या चुका आधी मोजल्या नाहीत. आपणही तेथूनच सुरुवात करू या.

एक गोष्ट मात्र मला त्या मुलाला आवर्जून सांगायची आहे. बाळा, तू ज्या आकृतीवरून हात फिरवलास ती पुन्हा एकदा आठव. ही घंटा लढाईत जिंकलेली. युद्धांमध्ये अशा किती तरी घंटा वितळवून तोफा ओतल्या गेल्या आहेत. ही वितळवली नाही. तिच्यावरची मरियामातेची आकृती कोणी छिन्नीने तासून टाकली नाही. ज्यांचा धर्म आपला नाही अशा लोकांनी आपल्या आईला आणि तिच्या बाळाला कृष्णाकाठी एवढा काळ ऊन-पावसात सांभाळले. मी वसईला गेलो तेव्हा काय काय गेले ते मोजत होतो. परत आलो तेव्हा मेणवलीला एकटाच गेलो, घंटेपुढे उभा राहिलो आणि पहिल्यांदाच त्या गावासाठी देवाचे आभार मानले. आपल्या शेजाऱ्यांचे हे ऋण आहे. त्यांची घरे, त्यांची लेकरे यांसाठी प्रार्थना करून आपण ते थोडेसे फेडू शकतो.

आता थोडे माझ्याविषयी आणि आपल्याविषयी. तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक आहे की आपल्या चर्चला मनोरा बांधावा आणि त्यात मोठी घंटा बसवावी, हा प्रस्ताव धर्मग्राम समितीपुढे मीच मांडला होता. उंच मनोरा, लांबवर ऐकू जाणारी घंटा! त्यामागे देवाचा गौरव होता, पण आपणही कोणीतरी आहोत हे गावाला दिसावे ही इच्छाही होती. आज ती मी तुमच्यासमोर कबूल करतो. त्या संध्याकाळी खाडीत माझ्या लक्षात आले की सर्वांत उंच मनोरा असलेले शहरच मी रिकामे पाहत होतो.

आपल्याकडे आत्ता घंटा आहे, लहान आहे, पण वाजते. ती वाजल्यावर येते कोण? संध्याकाळच्या रोजरीला तीन आज्या असतात, पावसाळ्यात दोन. आपल्या दोन घरांतील माणसे रविवारी एकाच वेदीसमोर ख्रिस्तप्रसाद घेतात आणि बाहेर पडल्यावर एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. एक आजारी बांधव गेले आठ महिने अंथरुणावर आहेत. मी महिन्यातून एकदा ख्रिस्तप्रसाद घेऊन जातो तेव्हा ते मला विचारतात, "फादर, बाकीचे कुठे असतात?" मला काय उत्तर द्यावे ते कळत नाही. हे आपले पडके भाग आहेत. यांना ना चिमाजी अप्पांनी पाडले, ना भूकंपाने.

म्हणून मनोऱ्याचा प्रस्ताव मी सध्या मागे घेत आहे. समितीला मी तसे कळवले आहे. त्यासाठी जमा झालेल्या रकमेचे काय करायचे ते समिती आणि आपण सर्वांनी मिळून ठरवावे. ज्यांना आपली देणगी परत हवी असेल त्यांनी संकोच न करता मला भेटावे. पुढच्या रविवारी ख्रिस्तराजाचा सण आहे आणि त्यानंतरच्या रविवारी आगमन काळ सुरू होतो. त्या काळासाठी माझ्या तीन विनंत्या आहेत.

पहिली : रोज संध्याकाळी सात वाजता आपली लहान घंटा वाजेल. ती ऐकू आली किंवा नुसती वेळ झाली, तरी घरातील सर्वांनी हातातले काम आणि मोबाइल बाजूला ठेवून एकत्र उभे राहावे आणि देवदूताच्या निरोपाची प्रार्थना म्हणावी. दोन मिनिटे पुरतात.

दुसरी : आगमन काळाच्या चार आठवड्यांत प्रत्येक कुटुंबाने एका आजारी किंवा एकट्या व्यक्तीला भेट द्यावी. नावे माझ्याकडे आहेत. कोणाचे घर कोठे आहे ते सांगायला मी तयार आहे, सोबत यायलाही तयार आहे.

तिसरी, आणि सर्वांत अवघड : ज्याच्याशी बोलणे बंद आहे त्याच्याशी नाताळच्या आधी बोलावे. सुरुवात कोणी करायची यावर अडून बसू नये. ज्याला हे आज बाकावर बसून ऐकू येत आहे त्याने सुरुवात करावी.

आणि त्या मुलाला : नाताळच्या सुट्टीत आपण पुन्हा मेणवलीला जाऊ. या वेळी घंटेजवळ उभे राहून तिच्यावरच्या आईला उद्देशून एक 'नमो मरिया' म्हणू, हळू आवाजात, घाटावर कोणाला अडचण होणार नाही अशी. घंटा राहील तेथेच. तिने जे काम करायचे ते आपण करू.

प्रार्थना करू या.

हे प्रभू येशू, मंदिराच्या दगडांकडे पाहणाऱ्यांची नजर तू माणसांकडे वळवलीस. जे आमच्यापासून गेले त्याचा सल आमच्या मनातून काढून टाक. जे आमच्या हातून इतरांचे गेले त्याची आम्हाला क्षमा कर. आमच्या घरांत आणि आमच्या धर्मग्रामात जे पडले आहे ते पुन्हा उभारण्याचे बळ दे. कृष्णाकाठी राहणाऱ्या आमच्या सर्व शेजाऱ्यांना सुखी ठेव. आणि संध्याकाळी घंटा वाजेल तेव्हा आम्ही घरी असू, एकत्र असू, असे कर. आमेन.

आपला ख्रिस्तसेवक,
धर्मगुरू, वाई